लाकूड कशाला म्हणायचे? बांबूच्या निमित्ताने एका व्याख्येचा आढावा

लाकूड म्हणजे काय, असे वखारीत कोणी विचारत नाही. तिथे विचारतात तो भाव. तोच माल ट्रकमध्ये भरून वन तपासणी नाक्यावर पोचला की प्रश्नांची रांग लागते: हे लाकूड आहे का, कुठून आले, वाहतूक परवाना कुठे आहे? ट्रकमध्ये साग असेल तर उत्तर सोपे. बांबू असेल तर मात्र ते काळानुसार, कायद्यानुसार आणि विचारणाऱ्यानुसार बदलत आले आहे. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणते. वनकायद्याने त्याला १८७८ पासून २०१७ पर्यंत झाड मानले. वनहक्क कायदा त्याला गौण वनोपज म्हणतो आणि जकातीच्या तक्त्यात तो कच्चा आणि घडवलेला अशा दोन वेगळ्या प्रकरणांत सापडतो. हा वाद कसा उभा राहिला, आज कोणाचे म्हणणे काय आहे आणि काय सुटायचे राहिले आहे, याची ही मांडणी.

बाजारातली वाटणी

मराठी व्यवहारात लाकडाचे दोन ठळक भाग पडतात, इमारती आणि जळाऊ. ही वाटणी जातीवरून होतेच असे नाही. एकाच बाभळीचे सरळ खोड नांगराला जाते आणि फांद्या चुलीत जातात. सागाची जाड खोडे घनफुटाच्या वा घनमीटरच्या हिशोबाने विकली जातात. त्याच सागाच्या विरळणीतून निघालेले वासे आणि बल्ल्या नगावर जातात. बांबू तर सगळा नगावरच जातो. त्याची लांबी, जाडी आणि सरळपणा बघतात, घनफूट कोणी काढत नाही. पोकळ वस्तूचे घनफूट काढण्यात अर्थही नाही. म्हणजे कायदा काहीही म्हणो, मोजमापाच्या रीतीतच बाजाराने बांबूला लाकडापासून वेगळे ठेवले आहे.

गंमत अशी की हाच बाजार बांबू वापरतो तो लाकडाच्याच जागी. गोठ्याचे छप्पर, मांडव, शिडी, बांधकामाची परांची, द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या मळ्यातला आधार अशा सगळ्या ठिकाणी लाकूड परवडत नाही म्हणून बांबू येतो. उपयोगाने लाकूड आणि मोजमापाने वेगळा, या दुहेरी ओळखीतून पुढचे बरेच वाद निघाले.

वनस्पतिशास्त्राचे उत्तर

शास्त्राच्या बाजूने फारसा वाद नाही. बांबू हा गहू, ज्वारी आणि ऊस यांच्याच तृणकुळातला आहे. साग किंवा ऐन कापला की वर्तुळे दिसतात, आत गडद गाभा आणि बाहेर फिकट थर दिसतो. सालीखालचा वाढीचा थर दरवर्षी नवे लाकूड चढवतो म्हणून ही वर्तुळे पडतात. बांबूत हा थरच नसतो. कोंब जमिनीतून बाहेर पडतो तोच आपली पूर्ण जाडी घेऊन. एका हंगामात तो पूर्ण उंची गाठतो आणि पुढची दोन-तीन वर्षे नुसता पक्का होत जातो. पक्का बांबू आडवा कापून पाहिला तर वर्तुळे दिसत नाहीत, काळपट ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे वाहिन्यांचे आणि तंतूंचे जुडगे. आतल्या बाजूला ते विरळ असतात आणि बाहेरच्या सालीकडे दाट होत जातात. बांबूची ताकद सालीलगत असते ती यामुळे.

पण रसायनाच्या अंगाने पाहिले तर बांबूच्या भिंतीतही लाकडासारखेच सेल्युलोज आणि लिग्निन असते. त्यामुळेच त्याचा कागद होतो, कोळसा होतो आणि त्याच्या पट्ट्या दाबून फळ्याही होतात. ‘गवत’ हे उत्तर वर्गीकरण म्हणून बरोबर आहे, गुणधर्माचे पूर्ण वर्णन त्यात येत नाही.

कायद्यातली व्याख्या

वसाहतीच्या सरकारने १८६४ मध्ये वनखाते उभारले, तेव्हा डोळ्यांसमोर जहाजबांधणीचा साग आणि रेल्वेचे स्लीपर होते. पहिला वन कायदा १८६५ चा, त्याहून कडक १८७८ चा आणि आजही लागू असलेला १९२७ चा. १८७८ च्या कायद्यातच ‘झाड’ या शब्दात ताड-माड, बांबू, झुडपे आणि वेत यांचा समावेश केला होता आणि १९२७ मध्ये ही रचना तशीच पुढे आली. बांबू गवत आहे हे त्या काळच्या जाणकारांना ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही. वनाधिकारी गॅम्बल यांचा भारतातल्या बांबूंवरचा मोठा ग्रंथ १८९६ चा आहे आणि त्यात बांबूची मांडणी तृणकुळातच केली आहे. व्याख्या शास्त्राच्या अज्ञानातून आली नव्हती. जंगलातून निघणारी किमतीची प्रत्येक वस्तू एका चौकटीत बसवण्याच्या गरजेतून ती आली होती.

ही चौकट नीट पाहण्यासारखी आहे. १९२७ च्या कायद्यात ‘वनोपजा’च्या दोन याद्या आहेत. पहिल्या यादीतल्या वस्तू जंगलातून आल्या असोत वा नसोत, त्या वनोपजच. इमारती लाकूड, कोळसा, कात, राळ, लाख, मोहाची फुले या त्यात येतात. दुसऱ्या यादीतल्या वस्तू जंगलातून आल्या तरच वनोपज. झाडे, पाने, फुले, फळे, गवत, वेली, मध, मेण या त्यात येतात. आता ‘इमारती लाकूड’ म्हणजे काय? तर पडलेले वा पाडलेले झाड आणि सर्व प्रकारचे लाकूड, मग ते कापलेले, घडवलेले वा कोरलेले असो वा नसो.

या तीन व्याख्या जोडल्या की परिणाम दिसतो. उभा बांबू झाड ठरतो. तोडला की तो पाडलेले झाड, म्हणजे इमारती लाकूड होतो. इमारती लाकूड पहिल्या यादीत असल्यामुळे ते शेताच्या बांधावरून आले तरी वनोपज ठरते. म्हणून स्वतःच्या परसातला बांबू बाजारात नेणारा शेतकरीही वाहतूक परवान्याच्या कक्षेत आला. परवान्याचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना असल्यामुळे कुठे सूट मिळाली, कुठे नाही आणि एका राज्यात मोकळा असलेला माल सीमेवर अडू लागला. भरीला कलम ६९ आहेच. वनोपज सरकारचे आहे का, असा प्रश्न उभा राहिला तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच धरले जाते.

न्यायालयांनी काय म्हटले

न्यायालयांपुढे हा प्रश्न वेगवेगळ्या कायद्यांच्या आडून आला आणि उत्तरेही तशीच वेगवेगळी मिळाली.

‘शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य’ हा खटला १९५८ चा. जुन्या मध्य प्रांतातल्या एका जमीनदाराने १९४८ मध्ये आपल्या पत्नीला जंगलातले इमारती लाकूड, जळाऊ लाकूड आणि बांबू तोडून नेण्याचा हक्क नोंदणी न केलेल्या दस्ताने दिला होता. पुढे जमीनदारी गेली आणि हक्काचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ‘उभे इमारती लाकूड’ स्थावर मालमत्तेत धरत नाहीत, झाड मात्र स्थावर असते. दोन्ही गोष्टी जमिनीत उभ्याच, मग फरक काय? न्या. विव्हियन बोस यांनी आपल्या स्वतंत्र मतात तो हेतूवर आणि वेळेवर नेला. झाड बांधकामाच्या लायक झालेले असेल आणि इतक्या लवकर तोडले जाणार असेल की व्यवहारात ते लाकूडच समजावे, तर ते उभे इमारती लाकूड. ते जमिनीतून पोषण घेत वाढतच राहणार असेल तर झाड. दस्ताची मुदत १९६० पर्यंत, म्हणजे बारा वर्षांहून अधिक असल्यामुळे हा मुद्दा महत्त्वाचा ठरला.

करकायद्यात कसोटी बदलली. निलगिरीच्या उरलेल्या लाकडाच्या ढिगांवर ‘इमारती लाकूड’ म्हणून विक्रीकर लागेल का, असा प्रश्न मध्य प्रदेशातून आला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले. करकायद्यातला रोजच्या वापरातला शब्द बाजारात त्याचा जो अर्थ चालतो त्या अर्थानेच घ्यायचा, शास्त्रीय अर्थाने नाही, हे सूत्र तिथे वापरले गेले.

प्रक्रिया केलेल्या वस्तूंबद्दलचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. चंदनाचे तेल वनोपज आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये केरळच्या वनकायद्यासंदर्भात म्हटले. १९९६ मध्ये ‘सुरेश लोहिया विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात बांबूची चटई वनोपज नाही, असा निकाल दिला. मानवी श्रमातून व्यापारात वेगळी ओळखली जाणारी नवी वस्तू तयार झाली तर ती वनोपज राहत नाही, हे त्यामागचे तत्त्व. चंदनतेलाच्या बाबतीत कायद्याच्या यादीतच लाकडाचे तेल होते, चटईचे नाव कुठेच नव्हते. हा फरक लक्षात घेतला तर दोन निकालांत विरोध नाही. तरी रेषा नेमकी कुठे ओढायची, हे प्रत्येक नव्या वस्तूसाठी पुन्हा ठरवावे लागते. बांबूच्या पट्ट्या, अगरबत्तीच्या काड्या, दाबून केलेल्या फळ्या या सगळ्या चटईच्या जवळ आहेत की बांबूच्या?

२००६ ते २०१७: दोन दुरुस्त्या, दोन दिशा

२००६ च्या वनहक्क कायद्याने दुसरा रस्ता धरला. बांबू झाड आहे की गवत या वादात तो पडला नाही. त्याने ‘गौण वनोपजा’ची व्याख्या केली आणि तीत बांबू, वेत, तेंदूपाने, मध, मेण, लाख यांची नावे घातली. अशा वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क पारंपरिक वननिवासींना मिळाला. त्यामुळे काही काळ एकच बांबू एका कायद्याने इमारती लाकूड आणि दुसऱ्याने गौण वनोपज होता.

हा पेच गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात फुटला. ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क कागदावर आला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागणार आणि तो वनखात्याकडेच. परवाना मिळेना. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बांबू गौण वनोपज आहे असे मुख्यमंत्र्यांना पत्राने कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत त्यांनी परवान्यांचे पुस्तक मेंढा-लेखात ग्रामसभेचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिले. बांबूची व्याख्या तीच राहिली, परवान्यावर सही कोणाची हे बदलले. २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन ग्रामसभेच्या समितीने परवाना द्यावा अशी तरतूद आली.

दुसरी दुरुस्ती २०१७ ची. नोव्हेंबरात अध्यादेश निघाला, डिसेंबरात संसदेने विधेयक मंजूर केले आणि १९२७ च्या कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द वगळला गेला. उद्देश उघडपणे सांगितलेला होता: जंगलाबाहेर, शेतात आणि पडीक जमिनीवर बांबू लावायला शेतकऱ्याला प्रोत्साहन मिळावे आणि तोडणी-वाहतुकीची अडचण जावी. पुढच्याच अर्थसंकल्पात राष्ट्रीय बांबू अभियानासाठी १,२९० कोटी रुपये जाहीर झाले. त्या व्याख्येतले ताड-माड आणि वेत मात्र जागच्या जागी राहिले. वाढीचा थर त्यांच्यातही नसतो. दुरुस्ती शास्त्र सुधारण्यासाठी नव्हती, एका पिकाची वाट मोकळी करण्यासाठी होती, हे यावरून दिसते.

मानके आणि जकात

वनकायद्याबाहेरच्या दोन व्यवस्थांनी हा प्रश्न कसा हाताळला, तेही पाहावे. राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) लाकूड आणि बांबू यांचा विभाग एकच आहे, पण पोटविभाग वेगळे. बांबूच्या संरचनांसाठी स्वतंत्र भारतीय मानक आहे, आयएस १५९१२. बांधकाम अभियंत्याला बांबूचे कूळ कोणते याच्याशी देणेघेणे नसते. भिंतीची जाडी, पेऱ्यांमधले अंतर आणि सांध्याला बांबू चिरतो का, हे त्याचे प्रश्न. लाकडाची सूत्रे इथे जशीच्या तशी चालत नाहीत म्हणून मानक वेगळे.

जकातीच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात लाकडाच्या प्रकरणाला जोडलेली एक टीप सांगते की या प्रकरणात ‘लाकूड’ म्हटले की बांबू आणि तत्सम काष्ठमय पदार्थही धरावेत. पण कच्चा बांबू त्या प्रकरणात येत नाही. तो विणकामाच्या वनस्पतिजन्य मालात येतो. टोपली आणखी तिसरीकडे जाते. इथे व्याख्या कामापुरती केलेली आहे आणि ती तशी असण्याबद्दल कोणाची तक्रारही नाही.

आजच्या भूमिका

पहिली भूमिका वनव्यवस्थापनाची. बांबू हा जंगलाचा मोठा भाग आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात बांबू असलेले क्षेत्र सुमारे १ लाख ४९ हजार चौरस किलोमीटर दिले आहे. ठरलेल्या चक्राने आणि पक्क्या बांबूचीच तोड झाली नाही तर बेटे खालावतात. फुलोऱ्यानंतर ती एकाच वेळी वाळतात आणि वणव्याचा धोका वाढतो. शेतातला बांबू मोकळा केला की जंगलातला बांबू त्याच्या नावावर बाहेर पडेल, ही या बाजूची मुख्य चिंता. परवाना हा त्यांच्या दृष्टीने महसुलापेक्षा माग काढण्याचे साधन आहे.

दुसरी भूमिका ग्रामसभांची आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांची. खात्याच्या ताब्यात असताना बांबू राखला गेलाच असे नाही, हा त्यांचा मुद्दा. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातल्या बांबूचा केलेला अभ्यास इथे वारंवार येतो. कागद गिरणीला बांबू टनामागे दीड रुपयाने मिळत होता आणि बुरडाला बाजारात त्यासाठी दीड हजार मोजावे लागत होते, असे त्यांनी नोंदवले. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. तोडणी सोपी जावी म्हणून ते साफ करावे, असा खात्याचा शिरस्ता होता. गावकरी सांगत होते की हेच काटे कोवळ्या कोंबांना गुरांपासून वाचवतात. पाहणीत गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावसारख्या ग्रामसभांनी हक्क मिळाल्यावर बांबू विकला आणि जंगलाचा काही भाग देवराई म्हणून राखलाही, याकडे ही बाजू बोट दाखवते. २०१७ च्या दुरुस्तीबद्दल त्यांचा आक्षेप असा की वनहक्क कायद्याने जंगलातल्या बांबूचा प्रश्न आधीच सोडवला होता. तो नीट लागू करण्याऐवजी लक्ष शेतातल्या बांबूकडे वळले.

तिसरी भूमिका शेतकरी आणि उद्योगाची. सिंधुदुर्गातला माणगा बांबू पिढ्यान्‌पिढ्या घरामागे लावला जातो, त्याला वनोपज म्हणणेच मुळात चूक होते, असे ते म्हणतात. जगातल्या बांबूक्षेत्राचा मोठा वाटा भारतात असूनही व्यापारात देश मागे राहिला याचे एक कारण ते परवान्याच्या जाचात पाहतात. उसासारखा बांबूही पीक म्हणून मोजावा, ही त्यांची मागणी.

चौथा आवाज बुरूड कारागिरांचा, आणि तो या चर्चेत सगळ्यात कमी ऐकू येतो. बांबू खात्याच्या ताब्यात असताना नोंदणी केलेल्या बुरडांना सवलतीने माल मिळण्याची सोय होती. ती तोकडी होती, माल वेळेवर येत नसे, हे खरे. पण मोकळ्या बाजारात चांगला बांबू जास्त भाव देणाऱ्याकडे जातो. सूप, टोपली, परडी विणणाऱ्याला तो परवडतोच असे नाही. व्याख्या बदलल्याचा फायदा विकणाऱ्याला झाला, विणणाऱ्याचे काय, हा त्यांचा प्रश्न.

पाचवी भूमिका पर्यावरण अभ्यासकांची. ‘पडीक’ म्हणून नोंदलेली बरीच जमीन प्रत्यक्षात गवताळ माळ असते. माळढोक, लांडगे आणि मेंढपाळ तिच्यावर जगतात. तिथे एकाच जातीचा बांबू सलग लावणे हे हिरवे दिसले तरी नुकसानीचे ठरू शकते, असे ते सांगतात. बांबूच्या बाजूने बोलणारे यावर उत्तर देतात की बांध, ओढ्याकाठ आणि खचलेले उतार इथे लागवड केली तर माती धरली जाते आणि माळ शाबूत राहतात.

काय अनिर्णित आहे

पहिला प्रश्न कायद्याच्या शब्दांतच उरला आहे. बांबू झाड राहिला नाही, म्हणून ‘पाडलेले झाड’ या वाटेने तो इमारती लाकूड होत नाही. पण त्याच व्याख्येत ‘सर्व प्रकारचे लाकूड’ हेही आहे. बांबूची भिंत या अर्थाने लाकूड आहे का? शास्त्राला विचारावे तर उत्तर अर्धवट मिळते आणि बाजाराला विचारावे तर उपयोग व मोजमाप दोन दिशांना ओढतात.

दुसरा प्रश्न मुळाचा आहे. जंगलातून आलेला बांबू ‘झाड नसलेली वनस्पती’ म्हणून अजूनही वनोपजच आहे. शेतातला नाही. ट्रकमधल्या दोन बांबूंकडे पाहून फरक कळत नाही. राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली डिसेंबर २०२३ मध्ये देशभर सुरू झाली, त्यामुळे सीमेवरचा खोळंबा कमी होईल अशी अपेक्षा आहे. पण ऑनलाइन नोंदीतही मुळाचा पुरावा लागतोच. सातबाऱ्यावर बांबूची नोंद वेळेवर झाली तर शेतकऱ्याकडे तो असतो. ग्रामसभेचा परवाना दुसऱ्या जिल्ह्यातल्या नाक्यावर तितक्याच विनातक्रार मानला गेला तर तिच्याकडेही असतो.

तिसरा प्रश्न घडवलेल्या वस्तूंचा. १९९६ चे तत्त्व हाताने विणलेल्या चटईसाठी आले. आज त्याच बांबूच्या यंत्रावर दाबलेल्या फळ्या आणि तुळया होतात, ज्या सरळसरळ इमारती लाकडाची जागा घेतात. त्यांना नवी वस्तू म्हणायचे की घडवलेले लाकूड, हे निःसंदिग्धपणे ठरलेले नाही.

एवढ्या आढाव्यातून एक गोष्ट निघते. व्याख्या प्रत्येक वेळी त्या कायद्याला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते त्यानुसार घडली: मालकी कोणाची, कर किती, तुळई किती भार पेलेल, पीक विकायला मोकळीक आहे का. म्हणून सगळ्या कायद्यांत एकच व्याख्या असावी ही मागणी दिसायला नीटस असली तरी तिने यातला कोणताच प्रश्न सुटत नाही. आता खरी कसोटी पुराव्याच्या व्यवस्थेची आहे: मूळ कोणी प्रमाणित करायचे, त्याचा खर्च कोणी सोसायचा आणि शंका आली तर सिद्ध करण्याचा भार कोणावर राहील. कलम ६९ मधले गृहीतक जोवर जसेच्या तसे आहे, तोवर बांबूला काहीही म्हटले तरी तो भार माल नेणाऱ्यावरच राहतो. पुढची चर्चा सुरू व्हायची तर ती या कलमापासून व्हावी.